नमुना क्रमांक दोन

भुसारीकाका एकाच दुकानातून एकसारखे दोन साबण आणतात आणि दिवसाआड वापरतात. आधी कोणता झिजतो ते पाहायला. रेल्वेच्या भांडारात माल तपासण्यात त्यांची हयात गेली. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, पण रेल्वेनं ते त्यांना नीट समजावून सांगितलेलं दिसत नाही. "एका लॉटातले दोन नग सारखे नसतात, भाऊ," हे त्यांचं आवडतं वाक्य. लिफ्टमध्ये एका जुळ्या मुलींच्या आईलाही त्यांनी ते ऐकवलं आहे.

काकू गेल्यापासून तेलीबांध्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते एकटेच राहतात. मुलगा जहाजावर. तीन खेपांत त्यानं पोर्टच्या सहा बाटल्या आणल्या. पोर्ट म्हणजे गोड, कडक विलायती वाइन. सहाही एकाच कंपनीच्या, एकाच सालच्या, छत्तीसगड वेगळं होण्याच्या आधीच्या. दुसऱ्या कुणी त्या पिऊन टाकल्या असत्या. काकांनी समिती नेमली: मी आणि समोरचे साहूजी.

दर रविवारी दोन बाटल्या. जुन्या पोर्टच्या तळाशी गाळ बसतो, म्हणून ती चक्का बांधायच्या फडक्यातून गाळायची, दोन तांब्यांत ओतायची, तांब्यांना नंबर लावायचे.

"दोन नंबर तुरट काहून लागून राहिला? बूच ढिलं असन?"

"मनुकांचा वास येतोय," मी म्हणायचो. मला दुसरं काही सुचत नसे.

साहूजी दोन्ही पेले रिकामे करत. "दोनों एक बराबर हैं, भैया." काका वहीत त्यांच्या नावापुढे 'अनुभव कमी' असं लिहीत.

तिसऱ्या रविवारी शेवटच्या दोन बाटल्या उरल्या. "आज फायनल," काका आमच्याकडे न बघता म्हणाले. "निकाल लागला का समिती बरखास्त."

ते आत गेले. थोड्या वेळानं मी पाणी आणायला उठलो. मागून साहूजी आले. त्यांना पोर्टमध्ये बर्फ लागतो आणि काकांना ते खपत नाही. काका पाठमोरे उभे होते. दोन्ही तांबे त्यांनी एकाच बाटलीतून भरले. दुसरी, न फोडलेली, टॉवेलात गुंडाळून गव्हाच्या डब्यामागे सारली. आम्ही दोघं पाण्याशिवाय, बर्फाशिवाय परत येऊन बसलो.

"सांगा," काका म्हणाले.

मी दोन्ही पेले चाखले. "फरक आहे, काका. दोन नंबरात मनुका कमी."

काका साहूजींकडे पाहू लागले. साहूजींनी पहिल्यांदाच घोट तोंडात धरून ठेवला.

"हव," ते म्हणाले. "बहुत फरक है. एक बार और देखना पड़ेगा."

"मले वाटलंच होतं," काका म्हणाले. "पुढच्या रविवारी या."

मग त्यांनी वही उघडली, 'निकाल राखून ठेवला' असं लिहिलं, आणि साहूजींच्या नावापुढचं 'अनुभव कमी' खोडून टाकलं.