व्याह्याच्या हातचं तिकीट

"तेजसची आई, बिनघोर राहा. आपल्याला अडवील असा साहेब अजून जन्माला यायचाय."

चोपड्याचे तोताराम आबा हे वाक्य दावावच्या विमानतळावर, परदेशी पाहुण्यांच्या रांगेत उभे राहून बोलले. बगलेत प्लास्टिकची फाईल होती. तीत सातबारा होता, आधार होतं, सोसायटीचा दाखला होता आणि कधी लागेल नेम नाही म्हणून गुरांच्या दवाखान्याची पावतीसुद्धा होती. मी पदरचं काही घालत नाही. घातलंच तर चिमूटभर.

दावाव आहे फिलिपीन्सात. आबांचे जावई हितेंद्र तिथे केळीच्या मळ्यावर नोकरीला. लेक मोहिनीला मुलगा झाला, बारसं रविवारी ठरलं, आणि खानदेशात युद्ध पेटलं. धुळ्याचे व्याही सुकदेव नाना म्हणाले, नातवाला माझ्या वडलांचं नाव, झुलाल. आबांनी ठरवून ठेवलं होतं अद्विक. मोहिनीने हात झटकले. "पाळण्याशी जो हजर असेल त्याचं चालेल," म्हणाली. आता बाळंतीण जे बोलते ते दोन्ही घरांना बंधनकारक.

म्हणून आबा बायकोला, लताबाईंना, घेऊन गुपचूप निघाले. गुपचूप निघणंही सोपं नव्हतं, कारण नानांचं धुळ्यात बसस्टँडसमोर तिकिटांचं ऑफिस. शिर्डीपासून सिंगापूरपर्यंत कुठलंही तिकीट तिथे मिळतं आणि तासाभरात ती बातमी साऱ्या सोयऱ्यांत पोचते. तेव्हा आबांनी जळगावात बँकेत असलेल्या मुलाला, तेजसला, संगणकावर तिकिटं काढायला लावली. जाण्याची आणि येण्याची.

सिंगापूरला विमान बदलताना लताबाईंनी बोटं मोजली.

"गुरुवारी घर सोडलं. परत शुक्रवारी. अहो, हा तर नववा दिवस."

"मग?"

"मग काय? घर सोडल्यापासून नवव्या दिवशी कोणी घरात पाऊल टाकतं का? तुमच्या काकांनी टाकलं, त्याच वर्षी म्हैस गेली."

म्हशीपुढे आबांचं काय चालणार? लगेच तेजसला फोन. तो बँकेच्या परीक्षेला नशिराबादच्या केंद्रावर निघालेला. "परतीचं रद्द करतो, दुसरं संध्याकाळी काढतो," म्हणाला, आणि दोन मिनिटांत रद्द करून मोकळा झाला. आबांनाही ते पटलं. चोपड्याहून धुळ्याला निघताना धुळ्याहून चोपड्याचं तिकीट कोण काढून ठेवतं?

आता दावावला खिडकीपलीकडच्या बाईंनी पासपोर्ट पाहिले आणि परत जाण्याचं तिकीट मागितलं. आबांचं इंग्रजी खताच्या गोण्यांवर वाढलेलं, पण 'रिटर्न टिकट' त्यांना कळलं. त्यांनी छापलेला कागद ऐटीत सरकवला. बाईंनी आकडे दाबले. पुन्हा दाबले. मग चष्म्यावरून बघितलं.

"कॅन्सल्ड."

"येस," आबा अभिमानाने म्हणाले. "धिस मॉर्निंग."

बाईंनी गणवेशातल्या एका माणसाला बोलावलं. तो आबांहून हातभर उंच होता, आणि आबा काही ठेंगणे नाहीत. दोघांना बाजूच्या बाकावर बसवलं. रद्द केलेलं तिकीट दाखवलं म्हणजे यांचा परत जायचा विचार नाही, असा त्यांचा हिशेब. देशाबाहेर जाणारं कुठलंही तिकीट दाखवा. नाही तर ज्या विमानाने आलात ते तासाभरात परत निघतंय, त्यात बसा.

"परत जायचं तिकीट नाही म्हणून परत पाठवतात?" लताबाई म्हणाल्या. "हा कुठला न्याय?"

आबांनी सातबारा काढला. अकरा एकर केळी, पंधरा तारखेला कापणी, असा माणूस इथे कशाला राहील? बोटांनी घड मोजून दाखवले. उंच माणसाने उतारा उलटा धरून वाचला, मान डोलावली आणि घड्याळाकडे बोट केलं. पन्नास मिनिटं.

तेजसचा फोन परीक्षेच्या दारात जमा. जावई घ्यायला निघालेले, पण वाट डोंगरातली, फोन लागेना.

"मोहिनीला लावतो."

"खबरदार. बाळंतिणीला घोर लावून दूध आटवायचंय का तिचं?"

चाळीस मिनिटं. लताबाई हळूच म्हणाल्या, "धुळ्याला लावा."

आबांनी मानपान गिळला आणि नंबर फिरवला.

"नाना, मी तोताराम."

"बोला आबा. बठ्ठं ठीक शे ना?"

"ठीक आहे. दोन तिकिटं हवी होती."

"कुठून?"

"दावावहून."

पलीकडे बसस्टँडवरचा भोंगा ऐकू आला.

"आमच्या हितेंद्रच्या दावावहून?"

"दुसरं कुठं आहे? नाना, भांडण मागून करू. इथे परत पाठवताहेत. बाहेर जाणारं तिकीट काढा, कुठलंही."

"काढतो ना. तारीख कोणती टाकू?"

उंच माणसाने आबांची बॅग उचलली.

"तुम्हीच टाका!"

"नको बा. कधी जाता म्हणून व्याह्याला विचारणंसुद्धा आपल्यात पाप शे. लोक म्हणतील, सुकदेवने व्याह्याला घालवलं."

"मी सांगतोय ना? घालवा."

"विहीणबाई ऐकताहेत का? साक्षीला कोणी पाहिजे."

"ऐकते हो नाना," लताबाई फोनमध्ये म्हणाल्या. "मीही घालवा म्हणते."

सहाव्या मिनिटाला तिकीट आबांच्या फोनवर आलं. बाईंनी ते तपासलं, तारखेवर जरा थबकल्या, हसल्या आणि शिक्का मारला. मग बोट उगारून बजावलं: हे रद्द झालं तर मला इथे दिसतं. त्यांना ते दिसतं की नाही देव जाणे, आबांना त्या बाई स्वप्नातसुद्धा दिसणार होत्या.

दारात हितेंद्र उभे. पाया पडले, गाडीत सामान ठेवलं. "आबा, आता निवांत राहा. परतीचं कधीचं आहे?"

"तुमच्या वडलांना विचारा."

लताबाईंनी फोन लांब धरून वाचलं. "शनिवार, सकाळी आठ. म्हणजे उद्याच की हो. बारसं तर रविवारी."

गाडी विमानतळाबाहेर पडली. मग आबांनी पुन्हा धुळ्याला फोन लावला.

"नाना, तारीख पुढे ढकलायला किती वेळ लागतो?"

"तारखेला काही वेळ लागत नाही, आबा. नाव ठरायलाच लागतो."

तिकीट पुढच्या बुधवारचं झालं. रविवारी दुपारी पाळणा सजला, आबांनी स्वतः दोरी धरली, आणि फिलिपीन्सातल्या त्या केळीच्या मुलखात सध्या एक झुलाल अंगठा चोखत पडलेला असतो.