विमलबाईंचा प्रवेश

वकील ज्ञानेश्वरीबाईंच्या काळ्या कोटाची उजवी बाही मनगटापाशी डावीपेक्षा जास्त झिजलेली आहे. कापड लिहिण्याने झिजते, ओरडण्याने झिजत नाही. त्यांचे अशील पुंजाराम यांनी हे नेमके हेरले आणि ते काळजीत पडले.

पुंजारामांचा ऊस तोडणीला आला होता. शेजारच्या गोरक्षने वहिवाटीचा रस्ता नांगरून टाकल्याने फडापर्यंत ट्रॅक्टर जात नव्हता. निकाल लांबला तर ऊस जागेवर वाळणार होता. अशा आणीबाणीत बाईंनी हळू आवाजात दोन कागद दाखल केले आणि त्या खाली बसल्या.

"म्याडम, टेबलावर हात तरी आपटायचा," बाहेर आल्यावर पुंजाराम म्हणाले. "टीव्हीवरच्या शिरेलीतला वकील निस्ता उभा राह्यला तरी वीज चमकती."

"आपल्याकडे ती दुपारी जाते. त्या रस्त्याने जाणारं-येणारं कुणी साक्षीला आहे का, ते सांगा."

होते. शेजारच्या मळ्यातल्या विमलबाई चाळीस वर्षे त्याच वाटेने जात होत्या. पण मालिकेत खरा साक्षीदार वकिलालाही आधी सांगत नाहीत. तो शेवटच्या क्षणी धाडकन दार उघडून येतो.

"न्हाई कुणी," पुंजाराम म्हणाले.

गुप्ततेसाठी त्यांनी विमलबाईंना शनिशिंगणापूरला लेकीकडे ठेवले. तिथे घराला दारच नसल्याने सरावाची गैरसोय झाली. शेवटी जावयाने कपाट रिकामे करून दिले. विमलबाई आठवडाभर त्यातून बाहेर पडत होत्या.

पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी विचारले, "वादीतर्फे आणखी साक्षीदार?"

ज्ञानेश्वरीबाईंनी मागे वळून पाहिले. पुंजारामांनी गूढ हसून नकारार्थी मान हलवली. पुरावा बंद झाल्याची नोंद झाली. उत्कंठा पुरेशी वाढावी म्हणून पुंजाराम आणखी थोडे थांबले, तेवढ्यात पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला. मग त्यांनी व्हरांड्याकडे रुमाल हलवला.

कोर्टाचे दार दिवसभर उघडेच असते. विमलबाईंनी ते आधी ओढून घेतले आणि मग धाडकन उघडले.

"थांबा! ह्या वाटंनं मी चाळीस वर्सं जातीय!"

समोर एका जोडप्याचा घटस्फोट चालू होता.

"बघा साहेब," त्यातली बायको म्हणाली, "ह्यांच्याकडचे पाहुणे असेच येतात."

ज्ञानेश्वरीबाईंनी पेनाचे टोपण काढले. पुरावा पुन्हा उघडण्याचा अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र, गोरक्षच्या हरकतीवर उत्तर. बाही आणखी झिजली. ऊस वाळला. त्याच्या बुडख्यांतून फुटलेला खोडवाही वाढून तोडणीला आला. अखेर विमलबाईंची साक्ष झाली. नावाचा पुकारा झाल्यावर त्या उघड्या दारातून चालत आल्या, विचारले तेवढेच बोलल्या. गावात ती साक्ष कुणालाच आवडली नाही.

निकालाच्या दिवशी टेम्पो भरून माणसे आली. दुसरा टेम्पो न मिळाल्याने गोरक्षही त्यातच, पुंजारामांच्या शेजारी बसून आला. न्यायाधीशांनी चष्मा पुसला. सगळे त्यांच्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

"हातोडा कुठंय रं?" गोरक्ष कुजबुजला.

"काढतेल आता. दम धर," पुंजाराम म्हणाले.

आपल्या न्यायालयात हातोडा नसतो. तुम्हीही मघापासून त्याच्याच आवाजाची वाट बघत होता, हा भाग वेगळा. या कुजबुजीत निकालाचे वाक्य कुणालाच ऐकू गेले नाही. न्यायाधीशांना ते पुन्हा, जरा मोठ्याने म्हणावे लागले.

"दावा मंजूर. रस्ता खुला करा."