‘समाप्त’च्या पुढचं

आमचा शेजारी नंदा शिणेमा संपला की सुरू व्हायचा. पडद्यावर ‘समाप्त’ आलं, लोक पायताणं शोधायला लागले, की ह्याचं डोकं चालू. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या पडवीत फाटकं जाळं सांधत तो पुढचं सांगायचा. लग्न झालं, मान्य. पण नंतर? हिरोच्या आईचा गुडघा धरला. व्हिलन तुरुंगातून सुटला, त्याने देवळाजवळ बांगड्यांचं दुकान घातलं, आणि हिरॉईन त्याच्याकडेच बांगड्या भरते, कारण त्याचा हात हलका.

“शिणेमावाल्याला घाई असते वो काकी,” तो माझ्या बायकोला म्हणायचा. “माणसांना नसते.”

ती तांदूळ निवडता निवडता हसायची. मी खाणीवर चिरे काढणारा माणूस, दोन बुकं शिकलेला. मला हे रिकामटेकडं वाटायचं नि मी तसं तोंडावर बोलायचो. नंदा म्हणायचा, काका, तुम्ही नका ऐकू, तुमच्या वाटणीचं काकी ऐकतात.

दिसायला कसा, तर लुंगी, बाह्या दुमडलेला सदरा, आणि मानेवरच्या केसांत अबोली. जन्मला तेव्हा सुईणीने मुलगी झाली म्हणून सांगितलं, नंदिनी नाव ठेवलं. चौदाव्या वर्षी आवाज फुटला, मिशी आली, आणि मुलींना येतं ते आलंच नाही. शहरातल्या डॉक्टरने तपासून सांगितलं, हे पोर दोन्हींचं थोडं थोडं घेऊन जन्मलंय, हा काही रोग नाही. घरच्यांनी शाळा सोडवली. पुढे आईबाप गेले, भाऊ मुंबईला गेला, नंदा राहिला. मी एकदा सरळ विचारलं, तुला काय म्हणायचं रे? तर म्हणाला, “तो म्हणा. पण फुलं आणलीत तर मला पण द्या.” मला पटलं.

भात कापून झालं की मळ्यात शिणेमाचा तंबू लागायचा. गावात व्हिडिओ येऊ लागला होता, तरी तंबूला गर्दी असायची. मध्ये दोरी, एकीकडे बाया, दुसरीकडे पुरुष. नंदा पडद्याच्या मागे बसायचा. तिथे दोरी नव्हती. तिथून सगळं उलटं दिसायचं, हिरो डावखुरा व्हायचा. खाडीवरचा वारा आला की पडदा फुगायचा, आणि हिरॉईनचा चेहरा श्वास घेतल्यासारखा पुढे यायचा, परत मागे जायचा. बायकोने एकदा हट्टाने मलाही तिथे बसवलं. मला वाटलं, आपण पाण्याच्या तळाशी बसलोय आणि वर कुणाचं तरी आयुष्य तरंगत चाललंय.

बायको अंथरुणाला खिळली त्या साली एक शिणेमा आला. गोष्ट नंदासारख्याच पोराची. मुलगी म्हणून वाढलेलं, वयात येताना वेगळंच निघालेलं. शेवटी ते पोर समुद्रात चालत जातं, लाट येते, समाप्त. दुकानावर एकाने नंदाला विचारलंसुद्धा, काय रे, तुझाच शिणेमा लागलाय म्हणे, तुला तिकीट पडलं का?

तो शिणेमा बघून आल्यावर दुसऱ्या दिवशी नंदा जाळं घेऊन बसला, पण बोलेना. बायकोने अंथरुणातून खोदून विचारलं, तेव्हा तोंड उघडलं. “काकी, ते पोर पाणी प्यायला उठलं तरी ढोल वाजतो. वीज चमकते ती वेगळीच. असं पाणी कोण पिणार? अख्ख्या शिणेमात सगळे त्याला बघतायत, जेवायला कोणी वाढत नाय.”

“मग पुढे?”

“पुढचं नाय. बुडालं ते.”

बायकोच्या अंगात ताप होता. तिने कूस बदलली. “मढं दाखवलं?”

“नाय.”

“मग बुडालं कशावरून? जवळ कोळ्यांचा गाव असेल. नीट बघ.”

नंदाने जाळ्याच्या भोकातून बाहेर बघितलं. मग सुरू झाला. ते पोर हेदवीच्या बाजूला किनाऱ्याला लागलं. एका म्हातारीने त्याला गरम पेज दिली. तू कोण असं नाही विचारलं, मीठ पुरे का एवढंच विचारलं. रोज दुपारी ते पोर थोडं थोडं मोठं होत गेलं. जाळी सांधायला शिकलं, स्वतःचं घर शाकारलं, शेजार चांगला मिळाला. बायको ग्लानीत ऐकायची. मध्येच विचारायची, ते पोर जेवलं का? जसं काही ते आमच्या खळ्यातच उभं आहे. मी बाहेर बसलेला असायचो. बिडी विझलेली मला कळायची नाही.

शिमगा झाला आणि बायको गेली. नंदा यायचा बंद झाला. दुपारी घर इतकं गप्प असायचं की मी मुद्दाम भांडी आपटायचो. शेवटी एक दिवस कुंपणाशी गेलो. नंदा त्याच्या अंगणात जाळं घेऊन बसला होता. म्हटलं, ते पोर कुठवर आलं होतं?

“त्याच्या शेजारची काकी वारली,” तो वर न बघता म्हणाला.

“मग?”

“शेजारी आता नुसता म्हातारा हाय. तोंडाचा फटकळ. काकी होती तवर पोर मागल्या दाराने हक्काने जायचं. आता जावं का नको, ते त्याला कळत नाय. म्हाताऱ्याला ते कधी आवडायचं नाय.”

मला राग आला. म्हाताऱ्याला काय आवडायचं, हे ह्याला कुणी सांगितलं?

“म्हातारा रोज बाहेर बसून ऐकायचा,” मी म्हटलं. “ते घाल तुझ्या गोष्टीत.”

नंदाची सुई थांबली.

“आणि हेही घाल, त्याला आमटी जमत नाही. भात लावला तर पेज होते. त्या पोराला येतं का काही?”

“येतं थोडंफार.”

तो उठला, लुंगी झटकली आणि आमच्या परसाकडे वळला. मी म्हटलं, मागून कशाला, पुढून ये.

नंदा थांबला. मग वळसा घालून पुढल्या अंगणात आला, आणि उंबऱ्यावर पाय ठेवायच्या आधी त्याने दोन्ही हातांनी केस सारखे केले.