लाल्याच्या रक्ताचा निकाल

हिरालाल आप्पा तहसीलदारालाही 'तू' म्हणतो. आमच्या अहिराणीत ते चालतं. 'अहो' मात्र तो एकट्या लाल्याला म्हणतो. "अहो लाल्या, बसा. पाहुण्यांवर असं भुंकू नये." लाल्या म्हणजे सुक्या मिरचीच्या रंगाचं गावठी कुत्रं. मी कारण विचारलं, तर म्हणाला, "जर्मनीले जावानं शे त्याले. जराशी शुद्ध भाषा येवाले पाहिजे ना, नाना!"

आप्पा लोणखेड्यात माझ्या शेजारी राहतो. वहिनी गेल्यावर घरात तो आणि लाल्या, दोघंच. मुलगा आणि सून जर्मनीत. ते कधीचे बोलावत होते, पण आप्पाची अट एकच : लाल्या येईल तर मी येईन.

तिकडचा नियम असा निघाला की, कुत्र्याला रेबीजची लस टोचून भागत नाही. महिन्याभरानं त्याचं रक्त तपासायचं, अंगात पुरेशा अँटीबॉडी तयार झाल्या का ते बघायचं, आणि मगच पुढचं बोलायचं. आम्ही सगळे हसलो. आप्पा मात्र खूश. "बराबर शे! लस म्हनजे बी. पेरं, पेरं, सगळा सांगतस. उगनं का, ते कोन देखस?"

तेव्हापासून हे 'पेरलं, पण उगवलं का' त्याच्या तोंडीच बसलं. मी रक्तदाबाच्या गोळ्या घेतो म्हटलं की, "पेरं ते खरं, पन उगनं का?" शाळेच्या कार्यक्रमात भाषण संपवून बसलेल्या पाहुण्यालाही त्यानं भर सभेत तेच विचारलं.

रक्त काढताना लाल्यानं चावा घेतला, तो नेमका आप्पालाच. "अहो, घरच्या माणसाला चावतात का?" असं शुद्ध मराठीत रागावून आप्पा स्वतः इंजेक्शनं घ्यायला गेला. तिथल्या डॉक्टरला म्हणे, "मन्हं बी रगत धाडी दे. दोन्हीसमा कोनं जास्त उगनं, देखू!"

लाल्याचा निकाल आला : अँटीबॉडी कमी. पुन्हा लस, पुन्हा वाट बघणं. आप्पाचं जेवणावरचं मन उडालं.

त्याच दिवसांत शहाद्याच्या स्टँडवर चहा पिता पिता मी बोलून गेलो, "सुनेलाच सासरा नको असेल. कुत्र्याचं नुसतं निमित्त." माझा कप खाली ठेवेपर्यंत ते लोणखेड्यात पोचलं. आप्पाच्या कानावरही गेलं असणार. लोक अजून तेच सांगतात, म्हणून हे लिहायला बसलो.

दुसरा निकाल आला त्या दिवशी आप्पा मोबाइल नाचवत अनवाणी माझ्या दारात आला. "उगनं रे नाना! भरघोस उगनं!" लाल्याला हार घालून ट्रॅक्टरवर बसवलं, पुढे बँड. वाटेत एसटी अडकली. निवडणुकीची मिरवणूक समजून कंडक्टरनं डोकं बाहेर काढून विचारलं, "कोन निवडी उना?"

"लाल्या!" सगळे ओरडले. कंडक्टरनं बसमधूनच नमस्कार केला.

मिरवणूक घरी पोचते तोच जर्मनीहून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर नात, धारा. शाळेच्या वयापर्यंत ती याच अंगणात वाढली. ती आप्पाशी इंग्रजीत बोलत होती आणि आप्पा प्रत्येक वाक्याला "यस, यस" करत होता. तेवढ्यात लाल्यानं मध्ये तोंड घातलं.

"अरे लाल्या! कसा शे तू? कितला बारीक व्हई गया रे! लवकर ये ना, मी तुन्ही वाट देखस!"

आप्पा बाजूला सरकला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मन्हासंगे अशी बोलस नई ती. आपली बोली तिले लाल्यासंगेच येस." आणि मग, "अहो लाल्या, शेपटी हलवा की. बोलू द्या तिला."

मागून सुनेचा आवाज आला, "आप्पा, तुमनी खोली तयार शे." मी मान खाली घातली.

आप्पाला सोबत घेऊन यायचं, असं धारा अजून लाल्यालाच बजावत होती. "येतांना आप्पाले बी लई येजो. त्याले एकटा सोडू नको."

आप्पानं लाल्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"पेरेल उगनं, नाना," तो म्हणाला.