वळणावरचं लॉक

"लॉक करायचं का प्लेटांचं बसवायचं, आत्ताच सांग बेटा. माझ्या पाठीला गाडीखाली झोपून रग लागली," मुनवरचाचा खालूनच ओरडले.

श्रीनाथ गुडघ्यावर हात टेकून उभा होता. त्याच्या जुन्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या दोन चाकांमधला लोखंडी गोळा, म्हणजे डिफरन्शियल, उघडा पडला होता. त्याचं काम तसं साधं. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना आपापल्या चालीनं चालू द्यायचं. पण रविवारी ढोकीजवळच्या एका मोकळ्या आवारात ड्रिफ्टची स्पर्धा होती. ड्रिफ्ट म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत वळणातून काढायची. त्याला दोन्ही चाकं जोडीनं फिरावी लागतात.

"प्लेटांच्याला किती दिवस लागतील, चाचा?"

"मंगळवार. पुण्याहून यायचंय. पण चीज आहे! जोर लावला की दोन्ही चाकं धरून ठेवतं, वळणावर जरासं सैल सोडतं. लॉक काय, आत वेल्डिंग मारलं की तासाभरात झालं. पण मग दोन्ही चाकं जन्माची बांधलेली. मैदानात झकास, गावात बोंब."

अणदुरात ट्रॅक्टर आणि लॉक या विषयात श्रीनाथच्या चुलत्याचा, दगडोबाचा, शब्द शेवटचा. तो शेजारी चहाची बशी फुंकत बसला होता.

"आरं इचारतो काय? लॉक म्हंजे लॉक! ऊस भरलेली ट्रॉली चिखलात रुतली, तवा म्या लॉकच्या पेडलवर पाय दिला आन भाईर काढली का न्हाय?"

मंगळवार रविवारच्या नंतर येतो, यापुढे श्रीनाथला काही ऐकू येत नव्हतं. "मारा वेल्डिंग," तो म्हणाला.

ट्रॅक्टर चिखलातून निघाला की वळायच्या आधी दगडोबा लॉकवरचा पाय उचलतो, हे त्या दिवशी दगडोबाला आठवलं नाही. वेल्डिंगवरनं पाय उचलता येत नाही, हे श्रीनाथला सुचलं नाही.

शनिवारी काल्याचं कीर्तन होतं. सात दिवसांच्या सप्ताहाचा तो कळस, आणि कळस चढवायला उशीर करून कसं चालेल? कीर्तनकार शिवकन्याताई महाराज तुळजापूरच्या एका लॉजवर उतरल्या होत्या. दहाला कीर्तन उभं राहायचं होतं. त्यांना आणायला जाणाऱ्या शिवानंदच्या जीपचा क्लच सकाळी सातलाच गेला. लग्नतिथीमुळं गावातली बाकी वाहनं आदल्या दिवशीच गेलेली.

सप्ताह कमिटीचे अध्यक्ष कृष्णराजअप्पा, म्हणजे श्रीनाथचे वडील, अंगणात येऊन उभे राहिले. गाडीत काय काम केलं, असं त्यांनी काल विचारलं होतं, आणि श्रीनाथनं "आईल बदललं" असं सांगितलं होतं.

"ताईंना तू घेऊन ये," अप्पा म्हणाले. "धड आन् दहाच्या आत आणलंस तर रविवारी खुशाल जा तुझ्या त्या घसरगुंडीला. ताईंना जरा जरी तरास झाला, तर सोमवारी गाडी इकली म्हणून समज."

"अप्पा, गाडी जरा..."

"जरा काय?"

"काय न्हाय. निघालोच."

अणदूर ते तुळजापूर रस्ता बराचसा सरळ. श्रीनाथनं बोटांवर मोजलं: मोठी वळणं येता-जाता सहा. त्यातलं शेवटचं गावात, देवळाच्या कमानीपाशी. तिथं अख्खं गाव टाळ-मृदंग घेऊन उभं असणार.

पण लॉजच्या गल्लीचा हिशेब त्यानं केलाच नव्हता. गल्ली अशी की बकरी शेपूट हलवायला बाहेर येते. शिवकन्याताई शांतपणे मागं बसल्या. शेजारी पेटीमास्तर शरणबसप्पा, मांडीवर पेटी. श्रीनाथनं स्टेअरिंग पुरतं मारलं. पुढची चाकं वळली. मागची दोन्ही एकमेकांना सोडायला तयार नाहीत. टायरनं "कुँईऽऽ" करून टाहो फोडला आणि गाडीनं मागून बेडकागत उडी घेतली.

कवड्यांच्या माळा विकणारी बाई दुकानासकट मागं सरकली. "आरं मुडद्या! देवीच्या दारात गाडी नाचवतूस व्हय?"

"अय्यो यप्पा!" शरणबसप्पांनी पेटीला मिठी मारली. पेटीनं त्यांच्या पोटाखालून दोन सूर काढले.

मागं घे, पुढं घे, दर वेळी एक टाहो आणि एक उडी. चौथ्या उडीला गाडी गल्लीबाहेर पडली. आठ वाजून पन्नास मिनिटं.

"बाळा," ताई म्हणाल्या, "गाडीला काय दुखतंय?"

"काही नाही ताई. काम नवीन आहे."

"नवीन असून कण्हते?"

श्रीनाथनं गिअर बदलला. सरळ रस्त्यावर गाडी एकदम गुणी झाली. पाखराला चाहूल लागू नये अशी पळत होती. शरणबसप्पांनी पेटीवरचा हात सैल केला. ताई डोळे मिटून काही गुणगुणू लागल्या. श्रीनाथला वाटलं, देवानं ऐकलं. देव ऐकतोच, पण आपल्या सवडीनं.

नळदुर्गला वळण आलं. श्रीनाथनं हलक्या हातानं गाडी घातली, टायर कण्हले, आणि मागून "खट्ट!" असा आवाज आला, जणू कुणी हाडच मोडलं.

त्यानं गाडी कडेला घेतली. वाकून बघितलं. डाव्या चाकाच्या बाजूला काही दिसेना. कपाळावरचा घाम पुसत त्यानं फोन लावला.

"चाचा, मागं डाव्या बाजूला काहीतरी मोडलं! ताई गाडीत आहेत! सव्वानऊ झाले!"

"आधी श्वास घे. चाक धरून हलव. लुळं हलतंय?"

"नाही. घट्ट आहे."

"तर त्या बाजूचा आख, चाक फिरवणारा दांडा, आतल्या दात्याशी मोडला. चाक कुठं जात नाही. पहिला गिअर टाक, बघ हलते का."

श्रीनाथनं क्लच सोडला. गाडी हलली.

"हलली चाचा!"

"हलणारच! लॉक आहे म्हणून उजवं चाक ओढतंय. साधं असतं तर तिथंच मुक्काम होता. आता ऐक. तिसाच्या वर जाऊ नको. वास आला, आवाज आला की थांब. मी स्कूटरवर निघालो."

श्रीनाथनं मागं वळून ताईंकडं पाहिलं. यापुढं लपवणं त्याच्या जिवावर आलं. त्यानं वेल्डिंगपासून सगळं सांगितलं, रविवारचं सांगितलं, अप्पांचा शब्द सांगितला. "तुम्ही म्हणाल तर थांबतो, ताई. दुसरी गाडी मिळंपर्यंत."

ताईंनी घड्याळ बघितलं. "काल्याला माणसं ताटकळलीत. हळू चल. तुझ्या अप्पांना मी सांगणार न्हाय. पण ध्यानात ठेव, त्यांनी इचारलं तर मी खोटंबी बोलणार न्हाय."

महामार्गाच्या कडेनं तिसाच्या चालीत निघालेली गाडी बैलगाडीवाल्यालाही केविलवाणी वाटली असती. दर किलोमीटरला श्रीनाथ नाक वर करून वास घेत होता. शरणबसप्पाही घेत होते. "काही नाही रे, ते माझं अत्तर," ते एकदा म्हणाले.

नऊ वाजून त्रेपन्न मिनिटांनी देवळाची कमान दिसली. टाळ वाजत होते. पुढं अप्पा, हातात हार. श्रीनाथनं डोळे अर्धे मिटले आणि स्टेअरिंग मारलं.

टाहो नाही. उडी नाही. डावं चाक आता कुणाशीच बांधलेलं नव्हतं. ते आपल्या चालीनं निवांत फिरलं, आणि गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी कमानीतून आत आली.

"वा रं माझ्या वाघा!" दगडोबा गर्दीतून ओरडला. "बगा, लॉकची गाडी कशी वळली!"

श्रीनाथनं त्याच्याकडं असं बघितलं की दगडोबानं टाळ दुप्पट जोरात वाजवायला घेतले. नशीब, टाळांच्या गजरात 'लॉक' अप्पांच्या कानी गेलं नाही.

कीर्तन रंगलं. ताईंचा आवाज चढला की मंडपाच्या कनाती भरून येत. श्रीनाथ टाळकऱ्यांत उभा होता, पण त्याचा जीव ताईंच्या जिभेवर टांगलेला. मध्येच ताई थांबल्या.

"संसाराच्या गाडीला दोन चाकं," त्या म्हणाल्या. "सरळ रस्त्याला दोघांनी बरूबर चालावं. पण वळण आलं की एकाला जास्ती चालावं लागतंय. दुसऱ्यानं म्हणावं, तू हो म्होरं, मी येतो सावकाश. दोघांना वेल्डिंग मारून जखडलं, तर संसार वळणावर उड्या मारतोय!"

बायकांत हशा पिकला. श्रीनाथचा टाळ चुकला. अप्पांनी मान वळवून त्याच्याकडं पाहिलं, आणि पुन्हा ताईंकडं. श्रीनाथ शेजारच्या टाळकऱ्याच्या मागं सरकला.

दहीहंडी झाली, लाह्या वाटल्या. अप्पांनी माईक हातात घेतला. "आमच्या पोरानं आज ताईंना फुलासारखं आणलं. त्याला नारळ देतो. आन् ताईंना आता सोलापूरला सोडायला हीच गाडी जाईल! इतकी मऊ वळणारी गाडी पंचक्रोशीत न्हाय."

नारळ पुढं आला. श्रीनाथच्या समोर रविवार होता. हो म्हटलं की रविवार त्याचा. पण सोलापूरपर्यंत पन्नास किलोमीटर, भर रहदारीत, एका आखावर? त्यानं ताईंकडं बघितलं. त्या त्याच्याचकडं बघत होत्या. तेच जड गेलं.

"अप्पा," तो म्हणाला, आणि माईक चालू होता, "गाडी मऊ वळली कारण तिचा आख मोडलाय. आईल बदललं नव्हतं. वेल्डिंग मारलं होतं. ताईंना लई तरास झाला."

माणसांच्या हातातल्या लाह्या हातातच राहिल्या. तेवढ्यात वाटेत पंक्चर झालेली स्कूटर ढकलत आलेले मुनवरचाचा धापा टाकत आत आले, हातात पाना.

अप्पांनी नारळ खाली घेतला. "ताई, तुम्हाला तरास झाला?"

"पेटीला झाला थोडा," ताई म्हणाल्या. "मला दृष्टांत मिळाला."

आधी शरणबसप्पा हसले, मग सगळा मंडप. अप्पांनी हसू मिशीत दाबलं, बराच वेळ दाबून ठेवलं, आणि नारळ पुन्हा पुढं केला.

"वेळेत आणलंस. धड आणलंस. आन् खरं बोललास, उशिरा का हुईना. दिला शब्द पाळतो म्या. उद्या जा."

"पण अप्पा, आख?"

"सोमवारी मिळंल," चाचा म्हणाले.

"मग कशानं जाऊ?"

"सकाळी सातला येष्टी हाय," अप्पा म्हणाले. "म्या जा म्हणलं. गाडी घिऊन जा असं म्हणलं का?"

ताई शिवानंदच्या दुरुस्त झालेल्या जीपमधून सोलापूरला गेल्या. रविवारी श्रीनाथ एसटीत चढला. जागा मिळाली ती मागच्या चाकावरची, गुडघे छातीला लावून. एसटी खच्चून भरलेली, छपरापर्यंत गलका. तुळजापूरच्या स्टँडात ड्रायव्हरनं ते पन्नास माणसांचं धूड एका हातानं, दुसऱ्या हातानं तंबाखू मळत, आखूड वळणातून आत घातलं. श्रीनाथनं कान टायरला लावला होता. हूं की चूं झालं नाही.

त्यानं फोन काढला. "चाचा, आखाबरोबर ते प्लेटांचंच बसवा. मंगळवार तर मंगळवार."

"परवा दगडोबाचं ऐकत होतास. आज कुणी अक्कल दिली?"

"येष्टीनं," श्रीनाथ म्हणाला, आणि गुडघे जरा खाली घेण्याचा प्रयत्न करू लागला.