घोळातला ळ

"दहा मिनिटांचं काम! तुम्ही चहा घेऊन या, तोवर सगळ्यांचे एडिटर नवे कोरे!"

अशी घोषणा मास्तरांनी सकाळी भर ऑफिसात केली. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, प्रोग्रॅमरच. पण कुणी न विचारता समजावून सांगायची सवय, म्हणून सगळे मास्तर म्हणत. प्रोग्रॅम लिहायचा आणि चालवून बघायचा तो ज्यात, त्या एडिटरची नवी आवृत्ती आली होती. जुनी त्यांनी सहाही कंप्युटरांवरून मुळासकट उपटली. "ठेवायची कशाला? अडगळ!" देव सद्बुद्धी सगळ्यांनाच देतो, फक्त अपग्रेडच्या आधी देत नाही.

आणि दिवसही नेमका कोणता! दुपारी तीनला एका ग्रंथालयाच्या ग्रंथपालबाई पुस्तकांच्या नोंदींचा प्रोग्रॅम बघायला यायच्या होत्या. सहा वर्षं काम मास्तरांचं आणि कागदावर नाव ऑफिस चालवणाऱ्या मॅडमचं, असंच चाललेलं. या वेळी मॅडम आपणहून म्हणाल्या होत्या, "आज तुम्ही दाखवा. पसंत पडलं तर कागदावर तुमचंच नाव लागेल."

पाच कंप्युटर सुरळीत चालले. सहाव्यावर, म्हणजे खुद्द मास्तरांच्या, एडिटर उघडला, त्यांनी आपलं काम उघडायला घेतलं आणि... गुडूप!

पुन्हा उघडला. गुडूप! लाजाळूचं पान बरं, ते निदान थोड्या वेळानं आपणहून उमलतं!

मास्तरांनी कंप्युटर बंद करून चालू केला. एडिटर काढून पुन्हा घातला. शेवटी खुर्चीसुद्धा बदलली. तेवढ्यात घरून बायकोचा फोन.

"जेवलात का?"

"कसलं जेवतोय! उघडतो आणि लगेच मिटतो!"

"अगंबाई! उजवा की डावा?"

"काय उजवा-डावा?"

"डोळा हो! चोळू नका, थेंब घाला!"

मास्तरांनी फोन ठेवला आणि सगळं काम पेनड्राइव्हवर घेऊन शेजारच्या टेबलावरच्या ताईंकडे गेले. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं ही ताईंची नोकरी, त्यामुळे त्यांच्याकडे जायचं मास्तरांच्या अगदी जिवावर यायचं. ताईंच्या कंप्युटरवरही... गुडूप!

"अहो, न्या तो तुमचा रोग तिकडे! सकाळपासून ठणठणीत होता माझा! लॉग तरी बघितलात का?"

लॉग म्हणजे प्राण सोडताना एडिटर काय पुटपुटला त्याची नोंद. 'आधी लॉग बघा' असं मास्तर सगळ्या जगाला शिकवायचे. स्वतः बघायचं तेवढं राहून गेलं होतं.

शेवटची ओळ होती: 'फोल्डर उघडत आहे: घो'

"घो?" ताईंनी डोळे बारीक केले. "घो म्हणजे? घोडा? घोरपड?"

मास्तर घुटमळले. "फोल्डरचं नाव आहे हो... घोळ."

"लोकांच्या कामाचं नाव घोळ?"

"सुरुवातीला फारच होता! आणि बघतंय कोण?"

"मग सरळ आहे. घो गिळला, ळ घशात अडकला! नव्या आवृत्तीला ळ पचत नाही. बदला नाव!"

तीनला चार मिनिटं कमी. मास्तर धावत जागेवर आले आणि टाइप केलं: गोंधळ.

गुडूप!

"अहो, त्यातही ळ!" ताई मागून ओरडल्या.

घोटाळा. गुडूप!

"मास्तर!"

"अहो, मराठीत ळशिवाय काही बिघडतच नाही का?" मास्तर रडकुंडीला आले.

दारावर टकटक. "मास्तर, बाई आल्या!" मॅडमचा आवाज. बिनळाचा जो शब्द आधी सुचला तो मास्तरांनी बडवला आणि डोळे मिटून हात जोडले.

एडिटर उघडला. आणि उघडाच राहिला!

प्रोग्रॅम दृष्ट लागावी असा चालला. पुस्तक कोणत्या कपाटात, कोणी नेलं, कोण परत करायचं विसरलं, सगळं एका क्लिकवर! ग्रंथपालबाई खूश होऊन बघत होत्या. मग त्यांनी चष्मा वर सारला आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्याचा कोपरा वाचला.

"ग... ड... ब... ड."

मॅडमनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी छताकडे.

"हे प्रकल्पाचं नाव का?" बाईंनी विचारलं.

"हो," मास्तरांच्या तोंडून निसटलं.

"वेगळं आहे. लक्षात राहील!" बाईंनी पेन काढलं आणि मंजुरीचा कागद तिथल्या तिथे भरून टाकला.

सहा वर्षांनी मास्तरांचं नाव एकदाचं कागदावर लागलं. ठळक अक्षरांत, वडिलांच्या नावासकट, शिक्क्यानिशी. त्याच्या वरच्या ओळीत लिहिलं होतं: 'सदर गडबडीस सर्वस्वी जबाबदार व्यक्ती.'