कापणाऱ्यानं शेवटी उचलायचं

आमच्या मुख्याध्यापकांच्या वाढदिवसाला केक आणला होता. सरांनी रीतीप्रमाणे कापला आणि क्रीमच्या गुलाबाचा तुकडा हळूच स्वतःकडं ओढला. तेवढ्यात शेळके बाईंनी ताट सरकवलं.

"सर, कापलं कुणी? तुमीच ना? मंग तुमी शेवटी उचला. बराबर?"

सगळ्यांचं उचलून होईस्तोवर मुख्याध्यापक हातात सुरी धरून उभे. शेवटी पुठ्ठ्याला चिकटलेला कोपरा त्यांच्या वाट्याला आला. त्यांनी तो गुमान खाल्ला.

साखर कारखान्याच्या वसाहतीलगत आमची शाळा. मी तिसरीला शिकवतो, बाई चौथीला, मधे एक पातळ भिंत. त्यामुळं माझ्या वर्गाला बाईंचे अपूर्णांक वर्षभर आधीच ऐकून पाठ होतात आणि श्रेय मला मिळतं. मी काही तक्रार करत नाही.

'जो कापील, त्यानं शेवटी उचलायचं' हा बाईंचा कायदा. त्यांच्या पिशवीत पुस्तकं कमी, मोसंब्या जास्त. आपल्या जालन्यात मोसंबीला काय तोटा? पोराच्या हातात सुरी द्यायची, समोर आणखी दोघं बसवायचे आणि सांगायचं, कर तीन वाटे. उरलेली फोड आपल्याला येणार म्हटल्यावर पोरगं जीभ बाहेर काढून असं मापून कापतं, की सोनारानं बघत राहावं.

"पोरं हुशार नसतात हो सर, हावरट असतात," बाई म्हणतात. "त्या हावरटपणातूनच गणित निघतं."

एक छेद चार मोठा की एक छेद तीन, असं विचारलं की अख्खा वर्ग 'चार' म्हणून ओरडतो. बाई रागवत नाहीत. एक मोसंबी तिघांच्या पंगतीपुढं ठेवतात, एक चौघांच्या. "आता बोल, कोणत्या पंगतीला बसतूस?" ओरडणारं पोरगं मुकाट्यानं तिघांत जाऊन बसतं.

घनसावंगीच्या दोघा भावांचं दुकानाच्या वाटणीवरून वाजलं, तेव्हा तेही बाईंकडंच आले. दोघं त्यांचेच जुने विद्यार्थी. बाई थोरल्याला म्हणाल्या, "भिंत तू घाल. बाजू धाकला निवडंल." थोरला कितीतरी दिवस टेप घेऊन दुकानात येरझाऱ्या घालत होता म्हणे. त्या भिंतीवरून आजवर भांडण झालेलं नाही.

यंदा दिवाळीनंतर अश्विनी बाईंच्या वर्गात आली. आईबाप ऊसतोडीला आलेले, मुक्काम कारखान्यामागच्या कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत. धाकटे दोघं भाऊ कुणाकडं ठेवणार, म्हणून तेही तिच्याबरोबर चौथीत. कारखाना बंद झाला की बिऱ्हाड गावाकडं जाणार.

"पुढं ही कोणत्या शाळेत बसंल, बसंल का न्हाई, कुणाला ठाव," बाई म्हणाल्या. "माझ्याकडून हिला छेद समजून जायला पायजे."

बाईंनी तिला सुरी दिली. समोर तिचेच भाऊ, वाटे तीन. पोरीनं दोन मोठ्या फोडी केल्या आणि एक नखाएवढी. भावांनी मोठ्या उचलल्या. उरलेली अश्विनीनं तोंडात टाकली आणि खुशीत बाईंकडं बघितलं. बाईंना वाटलं, हात चुकला. दुसरी मोसंबी दिली. पुन्हा तेच.

"अगं, लहान फोड तुलाच येऊन राह्यली, दिसत न्हाई का?"

"दिसती की, बाई. म्हणून तर लहान केली."

भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला. मला चैन पडेना. डोकावलो, तर बाई हातात साल घेऊन खुर्चीत बसलेल्या.

मधल्या सुट्टीत त्या आपणहून म्हणाल्या, "सर, मी बी अशीच कापायचे."

बाईंचे आईवडील लवकर गेले. तिघा भावांना त्यांनी शिकवलं, त्यांची लग्नं लावली. त्यात स्वतःचं राहून गेलं. भाऊ पुण्याकडं असतात, सणाला फोन करतात. एवढं सगळ्या शाळेला माहीत होतं. बाई पुढं म्हणाल्या, "ह्यो कायदा मी हावऱ्या लोकांसाठी केल्ता. आमच्यासारख्यांचं काय करायचं, ते मला कधी सुचलंच न्हाई."

 त्या दिवशी माझा डबा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला. "अश्विनी, तू नखाएवढं घेतलं, तर भावाला तिसरा हिस्सा मिळाला का? जास्ती मिळाला. गणित चुकलं."

"पण बाई, त्याला भूक असती."

"असू दे. गणितात तुझी बी भूक धरायची."

मग रोज अश्विनीची फोड जरा जरा वाढू लागली. बाळाचं वजन सांगावं तसं बाई मला येऊन सांगायच्या, "आज अंगठ्याएवढी केली, सर." तरी ती लहानच असायची. इकडं कारखाना बंद व्हायचे दिवस जवळ आले आणि बाईंचा जीव टांगणीला लागला.

एके सकाळी ट्रॅक्टर शाळेच्या फाटकाशी थांबला. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, एक शेळी आणि वर ही तिघं भावंडं. बाई मोसंब्यांची पिशवी घेऊन धावल्या. अश्विनी खाली उतरली आणि तिनं सुरी मागितली. मोसंबी ट्रॉलीच्या फळीवर ठेवून ती कापू लागली. भावांनी हात पुढं केले, तसे तिनं ते बाजूला सारले.

"एक छेद चार," ती म्हणाली. "बाई, तुमी पैलं उचला."

"अगं, आधी लेकरांला दे."

"कापलं मी. मी शेवटी. तुमी पैलं. बराबर?"

इतक्या वर्षांत बाईंना सगळ्यांच्या आधी उचलताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा हात फोडींवर आला आणि तिथंच फिरत राहिला. सवयीनं त्या लहान फोड शोधत होत्या, आणि त्या चारांत लहान फोड एकही नव्हती.